पेरॉक्साइडच्या ओल्या वाइप्सना पेटंट मिळतं का?

अंबरनाथच्या एमआयडीसीत छोटं युनिट चालवणाऱ्या एका उद्योजकाने विचारलंय, ते थोडक्यात असं: "आम्ही टेबलं, बेडच्या कडा, दाराच्या मुठी पुसायचे जंतुनाशक ओले वाइप्स बनवतो. 1.5 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, सायट्रिक आम्ल, नॉन-आयोनिक सर्फॅक्टंट (विद्युतभार नसलेला, साबणासारखा मळ सोडवणारा घटक) आणि कडुनिंबाचा अर्क, 50 जीएसएमच्या (चौरस मीटरला 50 ग्रॅम) स्पनलेस (न विणलेल्या) कापडावर. एका पाऊचमध्ये 80 नग. 99.99 टक्के जंतू मरतात असा लॅबचा रिपोर्ट आहे. दोन हॉस्पिटलांना नमुने दिलेत, एका प्रदर्शनात स्टॉलही लावला होता. पेटंट मिळेल का, आणि खर्च किती? ता. क. सुरुवातीला पाऊच फुगायचे. मग कापड बदललं, भरण्याआधी ते धुवायला लागलो आणि द्रवात एक फॉस्फोनेट (धातूंचे अंश बांधून ठेवणारं रसायन) घातलं. तेव्हापासून फुगत नाहीत."

पेटंट मिळालंच, तर तुमच्या त्या ताज्या कलमाला, म्हणजे पाऊच न फुगण्याच्या उपायाला, मिळेल. वरच्या मजकुराला मिळण्याची आशा मी तुम्हाला देणार नाही. का, ते नीट सांगतो, कारण या क्षेत्रातले बहुतेक अर्ज नेमके उलटे लिहिलेले असतात: जंतू किती मरतात यावर दहा पानं, आणि खरी अडचण कशी सोडवली यावर अर्धी ओळसुद्धा नाही.

आधी जगात काय माहीत आहे ते बघू. हायड्रोजन पेरॉक्साइड लुई जाक तेनार या फ्रेंच रसायनज्ञाने 1818 मध्ये तयार केलं. त्याच्या पातळ द्रावणाची बाटली कुठल्याही मेडिकल स्टोअरमध्ये मिळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या हॅण्डरबच्या सूत्रात 80 टक्के इथेनॉल आणि 1.45 टक्के ग्लिसरॉलच्या जोडीला 0.125 टक्के पेरॉक्साइड आहे. तेसुद्धा हातावरच्या जंतूंसाठी नव्हे, तर बाटलीतल्या द्रवात राहिलेले बीजाणू मरावेत म्हणून. कोविडच्या काळात याच सूत्राला इकडून तिकडून हात लावून 'नवीन सॅनिटायझर' घेऊन येणारे बरेच जण भेटले; त्यांच्यापुढे मी ते पान ठेवायचो आणि चहा मागवायचो. अमेरिकी रुग्णालयांत 0.5 टक्के आणि 1.4 टक्के पेरॉक्साइडचे तयार वाइप्स सर्रास वापरात आहेत. म्हणजे 'पेरॉक्साइड अधिक कापड' ही कल्पना नवीन नाही, आणि 1.5 हा आकडा त्यांच्या इतका जवळ आहे की नुसत्या टक्केवारीवर एक्झामिनर (पेटंट कार्यालयातला तपासनीस) तुम्हाला उभंही करणार नाही.

कॅनडातल्या ओकव्हिलच्या व्हायरॉक्स कंपनीचं उदाहरण यात अभ्यासण्यासारखं आहे. कमी तीव्रतेचं पेरॉक्साइड जंतू मारतं, पण सावकाश. त्यांनी त्यात ठरावीक आम्लं आणि ठरावीक अ‍ॅनायोनिक व नॉन-आयोनिक सर्फॅक्टंट्स अशी सांगड घातली की अर्ध्या टक्क्याचं द्रावणही काही मिनिटांत काम करायला लागलं. 2002 मध्ये मिळालेल्या त्यांच्या अमेरिकी पेटंटचं शीर्षकच 'वाढीव क्रियाशीलता असलेलं हायड्रोजन पेरॉक्साइड जंतुनाशक' अशा अर्थाचं आहे. याच धाग्यावरच्या पुढच्या पेटंटांत बेंझिल अल्कोहोलसारखी अरोमॅटिक अल्कोहोलं आणि वलयी कार्बोक्सिलिक आम्लं आली. यातून तुमच्यासाठी दोन गोष्टी निघतात. त्या पहिल्या पेटंटची मुदत संपलेली आहे, त्यामुळे त्यातलं सूत्र वापरायला ते पेटंट आता आड येत नाही. पण तोच कागद तुमच्या अर्जाविरुद्ध प्रायर आर्ट, म्हणजे आधीपासून माहीत असलेलं ज्ञान, म्हणून कायम उभा राहणार. आणि 'हे पेटंट अमेरिकेतलं आहे, भारतात नाही' हा युक्तिवाद तुमच्या कामाचा नाही. दुसऱ्या देशातलं पेटंट तुम्हाला इथे माल बनवण्यापासून रोखत नाही हे खरं. पण तुमचा शोध नवीन आहे का हे ठरवताना जगातला कुठलाही छापील कागद चालतो.

शोध घेताना गूगल पेटंट्सवर 'डिसइन्फेक्टंट वाइप' टाकून थांबू नका. पेटंटांच्या विषयवार वर्गीकरणाच्या क्रमांकावरून शोधा: ए01एन 59/00, ए61एल 2/18, सी11डी 3/39, सी11डी 17/04, आणि पेरॉक्साइड टिकवण्यासाठीचं सी01बी 15/037. हा शेवटचा वर्ग वाइप्सवाले कधीच उघडत नाहीत. तुमचा खरा विषय तिथे आहे. भारतीय अर्जांसाठी पेटंट कार्यालयाची इनपास ही शोधसेवा फुकट आहे.

आता कायदा. भारतीय पेटंट कायदा 1970, कलम 3(ई): पदार्थांचं नुसतं मिश्रण, ज्यात प्रत्येक घटक आपापले गुण तेवढे आणतो, तो शोधच नाही. पेरॉक्साइड जंतू मारतं, सायट्रिक आम्ल पीएच खाली आणतं, सर्फॅक्टंट मळ उचलतो. तिघांनी आपापलं नेमून दिलेलं काम केलं, तर 3(ई) लागतं आणि विषय संपतो. त्यातून सुटायचं तर तिघे मिळून बेरजेपेक्षा जास्त काही करतात, म्हणजे त्यांच्यात संयोग (सिनर्जी) आहे, हे आकड्यांनी दाखवावं लागतं. तुमचा 99.99 टक्क्यांचा रिपोर्ट हे दाखवत नाही. तो एवढंच सांगतो की तयार माल चालतो.

लागतो तो तुलनात्मक तक्ता. पेरॉक्साइड एकटं, आम्ल एकटं, सर्फॅक्टंट एकटा, मग दोन-दोनच्या जोड्या, मग तिन्ही. सगळे एकाच दिवशी, एकाच जंतूवर, एकाच वेळेला. यात तीन ठिकाणी घोडं अडतं.

पहिलं पीएच. तुमचं पूर्ण मिश्रण पीएच 2.8 ला असेल आणि तुलनेचं नुसतं पेरॉक्साइड 5 ला, तर समोरचा म्हणणार की फरक आम्लाचा आहे, यात संयोग कसला? तुलनेचे सगळे नमुने एकाच पीएचला आणून ठेवा. त्यासाठी फॉस्फोरिकसारखं वेगळं आम्ल वापरावं लागलं तरी चालेल, पण ते लिहा.

दुसरं, वेळ आणि तीव्रता. पाच मिनिटं ठेवलं की एकट्या पेरॉक्साइडनेही सगळे जंतू मरतात आणि तक्त्यात सगळीकडे 'वाढ नाही' असं येतं. शून्यापेक्षा कमी काही नसतं, त्यामुळे संयोग असला तरी दिसत नाही. घटक एकेकटे अर्धवटच यशस्वी होतील इतकी वेळ कमी करा, तीस सेकंद, एक मिनिट, किंवा द्रावण पातळ करा. आकडे लॉग रिडक्शनमध्ये मांडा. 99.9 म्हणजे 3 लॉग, 99.999 म्हणजे 5 लॉग; टक्केवारीत हा शंभर पटींचा फरक दशांशात हरवून जातो. संयोग मोजायला बायोसाइडच्या (जंतू मारणाऱ्या रसायनांच्या) पेटंटांत कल यांचं 1961 चं समीकरण रूढ आहे: मिश्रणात प्रत्येक घटक किती लागला, भागिले तो एकटा असता तर किती लागला असता, आणि त्या भागाकारांची बेरीज 1 पेक्षा कमी. लॅबला 'कल इंडेक्स काढून द्या' म्हणालात तर चांगल्या मायक्रोबायोलॉजिस्टला लगेच कळतं. नाही कळलं तर लॅब बदला.

तिसरं, न्यूट्रलायझर. ठरलेल्या क्षणी पेरॉक्साइड निष्प्रभ केलं नाही, तर ते जंतू वाढवून मोजायच्या प्लेटवर गेल्यावरही जंतू मारत राहतं आणि तुमचा एक मिनिटाचा निकाल प्रत्यक्षात अर्ध्या तासाचा असतो. कॅटालेज (पेरॉक्साइड मोडणारं एन्झाइम) किंवा सोडियम थायोसल्फेट वापरलं, त्याने पेरॉक्साइड खरंच थांबतं आणि ते स्वतः जंतूंना मारत नाही, या तिन्ही गोष्टी रिपोर्टात हव्यात. मंजुरीला विरोध करणारा प्रतिस्पर्धी पहिला हल्ला इथेच चढवतो.

हे सगळं अर्ज करतानाच हवं. हरकतीचं पत्र, म्हणजे एफईआर, आल्यावर प्रयोग करू म्हणणं म्हणजे वरातीमागून घोडं. उत्तराला सहा महिने मिळतात, आणखी तीन वाढवून मिळतात, आणि नंतर दिलेला डेटा कंट्रोलर (अर्जावर निर्णय देणारे अधिकारी) पाहतातही; पण मूळ स्पेसिफिकेशनमध्ये (शोधाच्या वर्णनपत्रात) ज्या परिणामाचा उल्लेखच नाही, त्याचा पुरावा मागाहून आणला तर त्याला वजन येत नाही. एका सुनावणीत मला हे जवळून पाहायला मिळालं. अर्ज चांगला होता, मिश्रण खरंच वेगळं वागत होतं, पण तक्त्यात एकेकट्या घटकांच्या ओळी नव्हत्या. कंट्रोलरनी एकच प्रश्न विचारला, "ओळ दोन आणि ओळ तीन कुठे आहेत?" त्यापुढचा अर्धा तास आम्ही बोलत होतो, पण निकाल त्या प्रश्नातच लागला होता.

कडुनिंब काढून टाका. वाईट वाटेल, कारण पाकिटावर 'नीम' छापलं की माल खपतो, हे मला ठाऊक आहे. पण कलम 3(पी) परंपरागत ज्ञानाला पेटंट देत नाही, आणि कडुनिंब जंतू मारतो हे आपल्या आजीलाही माहीत होतं. कडुनिंबाच्या तेलाच्या बुरशीनाशक उपयोगावरचं युरोपीय पेटंट 2000 मध्ये रद्द झालं आणि 2005 मध्ये अपिलातही ते रद्दच राहिलं. हळदीचं अमेरिकी पेटंट डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना सीएसआयआरने 1997 मध्ये रद्द करवून घेतलं, तो किस्सा मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको. शिवाय भारतातली जैविक सामग्री वापरली असेल तर पेटंटच्या फॉर्म 1 मध्ये तसं जाहीर करावं लागतं आणि मंजुरीआधी चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचा कागद लागतो. अनेक अर्ज केवळ यावर रेंगाळतात.

कायदा बाजूला ठेवला तरी रसायनाच्या बाजूने कडुनिंब तुमचा वैरी आहे. वनस्पतीच्या अर्कात लोह आणि मँगनीज असतं, ऑक्सिडाइझ होणारे पॉलिफेनॉल असतात. पेरॉक्साइडला मोडायला याहून चांगलं निमित्त कुठलं? तुमचे पाऊच फुगण्यात त्या अर्काचा हात किती होता, हे तुम्ही कधी अर्काशिवायची बॅच लावून पाहिलंत का? पाहिलं नसेल तर उद्या लावा. तो प्रयोग पेटंटसाठीही लागणार आहे.

आता पाऊचकडे येतो.

मेडिकलच्या भाषेत 3 टक्के पेरॉक्साइड म्हणजे '10 व्हॉल्यूम': एक लिटर द्रावण पूर्ण मोडलं तर दहा लिटर ऑक्सिजन निघतो. तुमचं 1.5 टक्के म्हणजे 5 व्हॉल्यूम. 80 वाइप्स, प्रत्येकावर साधारण 3 ग्रॅम द्रव धरला तर पाऊचमध्ये 240 मिली. सगळं मोडलं तर 1.2 लिटर वायू. नुसतं दहा टक्के मोडलं तरी 120 मिली, आणि बंद पाऊचला उशी व्हायला तेवढं पुष्कळ. बाटलीतल्या द्रवाला हा त्रास कमी, कारण तिथे द्रवाला बाटलीची भिंत तेवढी लागते. वाइपमध्ये तोच द्रव लाखो तंतूंवर पातळ थर होऊन पसरलेला असतो. तंतूवरचं स्पिन फिनिश (तंतू बनवताना लावलेला तेलकट लेप), कापडाच्या कारखान्यातल्या पाण्यातलं लोह, व्हिस्कोजमधले अवशेष, सगळं त्याच्या अंगाला भिडतं. क्वाटवाल्या (क्वाटर्नरी अमोनियम जंतुनाशकाच्या) वाइप्समध्ये सेल्युलोज क्वाट धरून ठेवतं आणि पुसताना पृष्ठभागावर ते पुरेसं उतरतच नाही, ही तक्रार जुनी आहे. पेरॉक्साइडमध्ये कापड त्याला धरून ठेवत नाही, मोडून टाकतं. दोन्हीकडे मेख तीच: कापड हा निमूट वाहक नाही.

मग 'धातू काढण्यासाठी कापड धुतलं आणि फॉस्फोनेट घातलं' याला पेटंट मिळेल? एवढ्यावर नाही. इचलकरंजी किंवा भिवंडीच्या कुठल्याही प्रोसेस हाउसमधल्या ब्लीचिंगवाल्याला विचारा. कापडात लोखंडाचा कण राहिला की पेरॉक्साइड ब्लीचमध्ये तिथे भोक पडतं, म्हणून आधी डीमिनरलायझेशन (कापडातले धातू काढणं) करायचं आणि बाथमध्ये स्टॅबिलायझर टाकायचा, हे तो तुम्हाला सांगेल. एक्झामिनर वस्त्रोद्योगातला हा कागद शोधून काढतो आणि म्हणतो, जाणकाराला हे उघड होतं. सर्वोच्च न्यायालयाने 1978 च्या बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम खटल्यात आखलेली रेषा आजही हीच आहे: कारखान्यातल्या कुशल माणसाने सवयीने केली असती अशी सुधारणा शोध ठरत नाही.

तेव्हा कुशल माणसाने सवयीने जे केलं असतं ते करून पाहा आणि ते कुठे तोकडं पडतं हे नोंदवा. तुमचं नशीब असं की हे प्रयोग तुम्ही केलेले आहेत, फक्त ते वहीत 'खराब बॅच' म्हणून पडून असतील. बाटलीत वर्षभर टिकणारं फॉस्फोनेटचं प्रमाण कापडावर किती दिवसांत हरलं? प्रमाण दुप्पट केलं तेव्हा टिकलं, पण पुसल्यावर स्टीलवर पांढरे डाग पडले का? धुणं एकटं पुरलं नाही, फॉस्फोनेट एकटं पुरलं नाही, पण धुतलेल्या कापडावर पूर्वीच्या निम्म्या फॉस्फोनेटमध्येच काम झालं, असं काही निघतंय का? निघत असेल तर तिथे शोध आहे. धुतल्यानंतर कापडात राहिलेलं लोह आणि तांबं पीपीएममध्ये (दहा लाखांत किती भाग) मोजून घ्या आणि त्याचा फॉस्फोनेटशी काय संबंध लागतो ते मांडा. 'धुतलेलं कापड' असा क्लेम (पेटंटमधला हक्काचा दावा) कुणालाही पाडता येतो. 'इतक्या पीपीएमच्या आत लोह असलेलं पॉलिएस्टर-व्हिस्कोज कापड आणि त्याच्या वजनाच्या इतक्या पटीत अमुक पीएचचा द्रव' असा क्लेम पाडायला समोरच्याला घाम गाळावा लागतो.

मोजमाप कसं करायचं तेही सांगतो, कारण बहुतेक जण इथे चुकीची गोष्ट तपासतात. टाकीतला ताजा द्रव तपासू नका. पाऊच उघडा, वाइप पिळा, पिळून निघालेला द्रव तपासा: भरल्या दिवशी, महिन्याने, तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी, साध्या तापमानाला आणि 40 अंशांना. पोटॅशियम परमँगनेटने टायट्रेशन (थेंबथेंब घालून प्रमाण मोजणं) करायला कुठलीही लॅब तयार असते, 0.1 नॉर्मलच्या एका मिलीला 1.701 मिलिग्रॅम पेरॉक्साइड. पण तुमच्या द्रवात सर्फॅक्टंट आहे, तोही थोडं परमँगनेट खातो आणि पेरॉक्साइड आहे त्याहून जास्त दिसतं. आयोडोमेट्री (आयोडीनवर आधारलेलं मोजमाप) करून घ्या, किंवा निदान पेरॉक्साइड नसलेलं कोरं द्रावण सोबत टायट्रेट करा. पाऊचची जाडीही दर वेळी मोजा आणि फोटो काढा. फुगलेल्या आणि सपाट पाऊचचा शेजारी-शेजारी फोटो एखाद्या आलेखापेक्षा लवकर पटतो.

आणि हा टिकाऊपणा जंतू मारण्याशी जोडा. यामागे कायद्याचं कारण आहे. कलम 3(डी) म्हणतं की माहीत असलेल्या पदार्थाचं नवं रूप हे त्याची परिणामकारकता वाढली तरच शोध ठरतं, आणि माहीत असलेल्या पदार्थाचा नुसता नवा उपयोग तर शोध नाहीच. नोव्हार्टिस या औषध कंपनीच्या खटल्यात 1 एप्रिल 2013 ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की परिणामकारकता त्या वस्तूच्या कामावरून ठरते. औषध असेल तर ती उपचारातली परिणामकारकता. तिथे पावडर चांगली ओघळते, जास्त स्थिर आहे, ओल कमी धरते, हे गुण त्यात धरले गेले नाहीत. तुमच्या अर्जात 'पेरॉक्साइड टिकतं' एवढंच असेल तर एक्झामिनर नोव्हार्टिसचा तोच परिच्छेद चिकटवणार. म्हणून पहिलं म्हणणं हे मांडा की हे जुन्या पदार्थाचं नवं रूप नाही, कापड आणि द्रव मिळून झालेली ही वेगळी वस्तू आहे. आणि त्याखाली आकडे द्या की सहा महिने पडलेल्या तुमच्या वाइपने एवढे लॉग मारले, तेवढेच दिवस पडलेल्या साध्या वाइपने एवढे. जंतुनाशकाचं काम जंतू मारणं, त्यामुळे ही परिणामकारकताच झाली.

ही चाचणी सस्पेन्शनमध्ये (द्रवात मिसळलेल्या जंतूंवर) न करता पुसून करा. ईएन 16615 या युरोपीय चाचणी-मानकात 5 बाय 5 सेंटिमीटरचे चार चौकोन एका रांगेत असतात. पहिल्यावर जंतू लावायचे, वाइप गुंडाळलेला सुमारे अडीच किलोचा ग्रॅनाइटचा ठोकळा त्यावरून शेवटपर्यंत नेऊन परत आणायचा. पहिल्या चौकोनावर जंतू किती कमी झाले आणि पुढच्या तिघांवर किती पसरले, दोन्ही मोजतात. वाइप जंतू मारतो की इकडचे तिकडे नेतो, हे याशिवाय कळत नाही. सोबत प्रथिनांचा मळ घालून करा. रक्तात कॅटालेज असतं, जखमेवर पेरॉक्साइड फेसाळतं ते त्यामुळेच, आणि हॉस्पिटलातला पृष्ठभाग स्वच्छ काचेसारखा कधीच नसतो. पृष्ठभाग किती वेळ ओला राहतो तेही घड्याळ लावून बघा. पाकिटावर एक मिनिट छापलंय आणि नागपुरातल्या मे महिन्यात टेबल त्याआधीच सुकलं, तर त्या एका मिनिटाला अर्थ नाही.

क्लेम लिहिताना 'हायड्रोजन पेरॉक्साइड 0.1 ते 30 टक्के' असली हाव नको. त्यात मेडिकलची बाटलीही बसते आणि ब्लीचिंगचा कॅनही, म्हणजे तुम्ही स्वतःच नाविन्य घालवलंत. उदाहरणांनी जेवढं झाकलंय तेवढीच कक्षा घ्या, त्याच्या आत दोन-तीन अरुंद कक्षा परतीच्या वाटेसाठी ठेवा. मुख्य क्लेम वाइपचा, मग द्रवाचा, मग बनवण्याच्या पद्धतीचा, आणि पाऊचला वायू बाहेर सोडणारी झडप वगैरे काही केलं असेल तर पॅकेटचा. 'उपयोग' असा क्लेम भारतात चालत नाही. टेबल पुसायच्या पद्धतीवर 3(आय), म्हणजे उपचारपद्धतींना पेटंट नाकारणारं कलम, लागत नाही, पण त्याच स्पेसिफिकेशनमध्ये उत्साहाच्या भरात 'हात पुसून संसर्ग टाळण्याची पद्धत' लिहिलीत की ती माणसावरची प्रतिबंधक उपचारपद्धती ठरते आणि तो क्लेम जातो.

नमुने आणि प्रदर्शनाबद्दल मात्र मला काळजी आहे. आपल्याकडे सरसकट बारा महिन्यांची सवलत असते असा गैरसमज फार पसरलाय. कलम 31 ची सवलत केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांना आहे. हॉल भाड्याने घेऊन भरवलेल्या व्यापारी मेळाव्याला नाही. कलम 32 प्रमाणे, चाचणीसाठी लोकांमध्ये वापर करणं खरोखर गरजेचं असेल तर अर्जाआधीच्या एका वर्षातला तसा वापर माफ होतो. हॉस्पिटलांचे नमुने यात बसवता येतील, जर ते चाचणीसाठी होते हे कागदावर असेल. डिलिव्हरी चलनावर काय लिहिलंय बघा. 'ट्रायलसाठी, विनामूल्य' असेल तर ठीक. बिल फाडलं असेल तर अडचण. स्टॉलवर वाटलेल्या पत्रकात घटक छापले होते का, धुण्याचा उल्लेख होता का, तेही तपासा. पत्रकावर नुसतं 'नीमयुक्त, 99.99%' असेल तर तुमच्या ता. क. मधली युक्ती अजून तुमच्या घरातच आहे. युरोपात जायचा विचार असेल तर तिथे ही ढिलाई अजून कमी आहे, आणि भारतात राहणाऱ्याला परदेशात आधी अर्ज करायचा तर कलम 39 ची परवानगी लागते, हे विसरू नका. इथून पुढे कोणालाही नमुना देताना गोपनीयतेच्या करारावर सही घ्या.

खर्चाचं लवकर उरकतो. उद्यम नोंदणी असेल तर तुम्ही लघु घटक. फॉर्म 28 जोडा. ऑनलाइन अर्जाला 1,600 रुपये, तपासणीच्या विनंतीला 4,000, त्वरित तपासणी हवी तर 4,000 ऐवजी 8,000, आणि तिच्यासाठी लवकर प्रसिद्धीचे 2,500. लघु घटक असल्याने त्वरित तपासणीला तुम्ही पात्र आहात. तीस पानं किंवा दहा क्लेमच्या वर गेलात तर जादा शुल्क. तपासणीची विनंती 31 महिन्यांच्या आत करावी लागते. पूर्वीची 48 महिन्यांची मुदत 2024 च्या नियमांनी गेली. सरकारी फी ही यातली सर्वांत किरकोळ रक्कम आहे. लॅबचं बिल आणि पेटंट एजंटची (तुमच्या वतीने अर्ज चालवणाऱ्याची) फी तिच्या कितीतरी पट होईल, आणि काटकसर करायचीच तर एजंटच्या फीत करा, लॅबच्या बिलात नको. हे मी स्वतः एजंट असून सांगतोय.

प्रोव्हिजनल (तारीख मिळवून देणारा प्राथमिक अर्ज) आत्ताच टाका, पण एका पानाचा नको. त्यात जे नीट लिहिलंय त्यालाच ती तारीख मिळते. कापड, धुण्याची पद्धत, फॉस्फोनेटचं नाव आणि प्रमाण, फुगलेल्या बॅचचे आकडे, जेवढं हातात आहे तेवढं सगळं घाला. मग बारा महिन्यांत तक्ते पूर्ण करून कम्प्लीट स्पेसिफिकेशन द्या.

एक पर्याय मात्र तोलून बघा. द्रवात काय आहे हे प्रतिस्पर्धी महिन्याभरात लॅबमधून काढून घेईल, त्यामुळे तो भाग झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पण कापड कशाने आणि कसं धुतलं, हे तयार वाइपवरून सहज कळत नाही. जिंकणारी गोष्ट प्रामुख्याने धुण्यातच असेल, तर अळीमिळी गुपचिळी करून ती व्यापारी गुपित म्हणून ठेवणं वीस वर्षांच्या पेटंटपेक्षा फायद्याचं पडू शकतं. दोन्ही एकदम जमत नाही: पेटंट मागितलंत तर कलम 10(4) प्रमाणे तुम्हाला माहीत असलेली सर्वोत्तम पद्धत उघड करावीच लागते, आणि ती लपवली असं दिसलं तर पेटंट रद्द होण्याचं ते एक कारण आहे.

शेवटचा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण मला विचारायचाय. कापड बदला आणि धुवा, हे सुचवलं कोणी? तुमच्या केमिस्टने सुचवलं असेल तर संशोधक म्हणून त्याचं नाव अर्जात जाईल आणि हक्क कंपनीकडे आल्याचा लेखी करार त्याच्याकडून आत्ताच घ्यावा लागेल. तो पगारावर आहे एवढ्याने शोध आपोआप तुमचा होत नाही. आणि कापडाच्या पुरवठादाराने फोनवर 'आमचा दुसरा ग्रेड धुऊन वापरून बघा' असं सांगितलं असेल, तर प्रोव्हिजनल टाकायच्या आधी त्याला भेटा आणि त्याने तेच आणखी किती गिऱ्हाइकांना सांगितलंय ते काढून घ्या.